शेळीला लस सक्तीची, पाहुण्या कुत्र्याला विचारणार कोण?

अकोल्याच्या गडवाटांवर छोटी पाळीव कुत्री दिसू लागली. बिबट्या, रोगराई आणि गावाची रोजीरोटी यांचा एकत्र विचार करण्याची वेळ

अकोले : शनिवारी रात्री आणि रविवारी पहाटे बारी, पाचनई, रतनवाडी, साम्रद या गावांत मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्यांची रांग लागते, यात आता नवल राहिलेलं नाही. नवल वाटतं ते या गाड्यांच्या मागच्या सीटवरून उतरणाऱ्या छोट्या पाहुण्यांचं. पग, शिह त्झू, पॉमेरेनियन, ल्हासा, बीगल. कुणाच्या अंगात स्वेटर, कुणी पट्ट्याला बांधलेलं, तर कुणी मालकाच्या पाठीवरच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून बसलेलं. गावातली पोरं भोवती जमतात, म्हाताऱ्या हसतात, आणि मंडळी डोंगराला लागतात.

घरातलं कुत्रं हे घरातलंच माणूस, त्याला एकटं कुठं ठेवायचं, असं शहरातल्या लोकांचं म्हणणं असतं. ते खोटं नाही. डोंगर काही फक्त माणसांसाठी नाही, हेही खरं. पण ज्या वाटेवरून हे कुत्रं चाललंय ती नुसती फिरायची वाट नाही. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हा सगळा पट्टा १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथं बिबट्या आहे, तरस आहे, कोल्हा, उदमांजर, भेकर, शेकरू आहे. आणि त्याच हद्दीत महादेव कोळी, ठाकर समाजाच्या वाड्यावस्त्या आहेत, त्यांच्या शेळ्या, कोंबड्या, राखणीची कुत्री आहेत. या सगळ्यात एक छोटं कुत्रं दिवसभरासाठी येऊन गेलं तर काय बिघडतं? एकानं काही बिघडत नाही. दर आठवड्याला अशी कुत्री यायला लागली आणि कुणीच काही विचारत नसलं, की मग बिघडतं.

कायद्यातली फट

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातलं कलम ३३ अ सांगतं की अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आत पाळलेल्या जनावरांना साथीच्या रोगांची लस टोचण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकानं करायची. त्याच कलमात पुढं असंही आहे की लस न टोचलेलं पशुधन कुणीही अभयारण्यात न्यायचं नाही, चारायचं नाही. म्हणजे पाचनईच्या बाईनं आपली शेळी लस न देता रानात सोडली तर ती कायद्यानं चुकते.

आता पशुधन कशाला म्हणायचं, याचीही व्याख्या त्याच कायद्यात आहे. म्हैस, बैल, उंट, गाय, गाढव, शेळी, मेंढी, घोडा, खेचर, याक, डुक्कर, बदक, कोंबडी अशी नावं त्यात आहेत. कुत्र्याचं नाव नाही. त्यामुळं जन्मभर त्याच रानात चरलेल्या शेळीला लसीची अट आहे आणि दोनशे किलोमीटरवरून आलेल्या कुत्र्याला नाही. शेळीचा रोग रानातल्या भेकराला लागू शकतो म्हणून ती अट बरोबरच आहे. पण कुत्र्याचा रोग कोल्ह्याला, उदमांजराला, बिबट्याला लागू शकतो, तेव्हा तोच न्याय इथंही हवा.

पाळीव कुत्र्याबद्दल नियमच नाही असंही नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत पाळीव जनावराचं लसीकरण, जंताचं औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. आपलं जनावर निष्काळजीपणे मोकळं सोडलं आणि त्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नियम आहेत, पण ते डोंगराच्या पायथ्याला कुणी विचारत नाही. नाक्यावर माणसं मोजली जातात, गाडी मोजली जाते. कुत्रं कुणी मोजत नाही.

गेल्या काही महिन्यांत कुत्र्यांवरून देशभर वाद झाला तो भटक्या कुत्र्यांचा. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं त्यात बदल केला आणि नसबंदी, लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथंच सोडावीत, रेबीजची किंवा फार आक्रमक असतील ती सोडू नयेत, असं ठरवलं. या सगळ्या गदारोळात पट्टा घातलेलं, पेडिग्रीचं, मालकाच्या हातातलं कुत्रं कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि डोंगरातली गावं तर त्या चर्चेत नव्हतीच.

बिबट्याच्या ताटात कुत्रं

अकोल्यात बिबट्यावर जे काम झालंय ते जगभरात वाचलं जातं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तालुक्यातल्या बागायती पट्ट्यात, म्हणजे उसाच्या आणि वस्तीच्या भागात, बिबट्याची विष्ठा तपासून तो खातो काय हे पाहिलं. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या जवळपास सातपट होत्या, तरी शेळीचा वाटा ११ टक्केच. कारण साधं आहे. शेळी रात्री गोठ्यात कोंडली जाते, कुत्रं बाहेर फिरतं.

हा अभ्यास खालच्या बागायतीतला आहे, गडावरचा नाही. वर रानात बिबट्याला इतरही शिकार आहे. पण बिबट्याच्या दृष्टीनं कुत्रं म्हणजे काय, हे त्यातून कळतं. गावठी कुत्रं निदान वास ओळखतं, भुंकतं, पळतं, कधी कधी चार मिळून अंगावरही जातात. सात-आठ किलोचं पग किंवा शिह त्झू यातलं काही करू शकत नाही. त्याला बिबट्याचा वास कधी आलेलाच नसतो.

त्यात वेळ वाईट. कळसूबाईला सूर्योदय बघायचा म्हणून लोक बारीतून रात्री दोन-तीनला निघतात. मे अखेरीस, जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे बघायला गर्दी होते, तीही रात्रीचीच. हरिश्चंद्रगडावर तंबू लागतात. बिबट्या फिरतो तोही याच वेळेला. अंधारात कुत्रं पट्ट्याला असेल तर पट्ट्याचं दुसरं टोक माणसाच्या हातात असतं, आणि पुष्कळदा लेकराच्या हातात. बिबट्या आला तर तो कुत्र्यासाठी येईल, पण मध्ये माणूस असेल.

पुढची गोष्ट गावाच्या जास्त काळजीची आहे. तंबूंच्या जागी, पायवाटेच्या कडेला सहज शिकार मिळते असं एकदा बिबट्याला कळलं, की तो त्या जागेला परत परत येतो. पाहुणे सोमवारी मुंबईत असतात. बिबट्या आणि गाव दोन्ही इथंच असतात. शेजारच्या जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लेकरं गेली. तिथली परिस्थिती वेगळी, ऊस वेगळा, पण बिबट्याला माणसाच्या जवळ यायची सवय लागली की काय होतं हे सांगायला त्यापलीकडं उदाहरण नको.

रोग दोन्हीकडून जातो

कुत्र्यांना होणाऱ्या रोगांत डिस्टेंपर हा वन्यप्राण्यांसाठी सगळ्यात घातक. श्वासातून, लाळेतून, नाका-डोळ्यांच्या स्रावातून तो पसरतो. कोल्हा, तरस, उदमांजर आणि मोठ्या मांजरकुळातल्या प्राण्यांनाही तो होतो. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत या रोगानं सुमारे हजार सिंह मेले, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. रोगाचा माग आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांपर्यंत गेला होता. आपल्याकडं गीरमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये २३ सिंह दगावले, आणि त्यातल्या काहींच्या तपासणीत हाच विषाणू सापडला.

दुसरा पार्वो. पिल्लांना रक्ताचे जुलाब लागतात तो. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत उतरतो आणि तिथं महिनोन् महिने टिकतो. पायवाटेच्या कडेला कुत्र्यानं केलेली घाण कुणी उचलली नाही, तर ती पावसाबरोबर ओढ्याला लागते. हरिश्चंद्रगडावर, रतनगडावर पाण्याची टाकी आहेत. त्यातल्या काहींचं पाणी लोक आजही पितात. तिथं कुत्र्याला पाण्यात उतरवणं, अंघोळ घालणं हे गावकऱ्यांना रुचत नाही, आणि देवळाजवळ तर मुळीच नाही. यात धर्माचा भाग आहे तसा आरोग्याचाही आहे.

पण सगळा दोष पाहुण्या कुत्र्यावर टाकणं हा अर्धाच हिशोब झाला. शहरातल्या बऱ्याच पाळीव कुत्र्यांना रेबीजची, ‘नाइन इन वन’ची लस झालेली असते, कार्ड असतं. लस झालेली नसते ती गावातल्या कुत्र्यांना. हीच कुत्री बिस्किटाच्या आशेनं पायथ्यापासून शिखरापर्यंत लोकांच्या मागं जातात. वाटेत छोट्या कुत्र्याशी गाठ पडते, गुरगुर होते, झटापट होते. मालक घाबरतो, काठी उगारतो. मार बसतो गावच्या कुत्र्याला आणि नावही त्याचंच खराब होतं.

चावा माणसाला लागला तर गोष्ट आणखी गंभीर. रेबीजची लक्षणं दिसली की जवळपास कुणीच वाचत नाही. चावल्यावर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, हाच उपाय. डोंगरमाथ्यावरून उतरून, मग गाडीनं राजूर किंवा कोतूळ गाठण्यात अर्धा दिवस जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते. गावच्या कुत्र्यांना लस देणं म्हणजे गावाचं, पाहुण्याचं आणि रानाचं एकाच सुईत संरक्षण. पशुसंवर्धन विभागाकडून गाई-म्हशींच्या लाळ्या-खुरकुताची मोहीम गावोगाव चालते. कुत्र्यांसाठी तशी मोहीम या वाड्यांपर्यंत नेमानं यायला हवी.

कुत्र्याचे हाल कुत्र्यालाच माहीत

यात त्या मुक्या जिवाचाही विचार आहे. २००३ च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून पग घराघरांत पोचला. जाहिरातीत तो पोराच्या मागं मागं सगळीकडं जातो. खऱ्या डोंगरावर त्याला तसं जमत नाही. पग, शिह त्झू यांचं नाक चपटं, श्वासाची वाट अरुंद. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही त्याचं अंग तापतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०५ च्या वर गेलं की उष्माघात, आणि त्यात तासाभरात जीव जाऊ शकतो.

पाचनईची वाट हरिश्चंद्रगडाची सगळ्यात सोपी आणि जवळची. साधारण दोन-अडीच तासांत माणूस वर पोचतो. म्हणून कुत्र्यांना घेऊन येणारे हीच वाट धरतात. पण पावसाळा सरला की वरचा कातळ दुपारी तव्यासारखा तापतो. मालकाच्या पायात बूट असतात, कुत्र्याचा तळवा उघडा असतो. आपला हात उलटा करून कातळावर टेकवावा. पाच-सात सेकंद धरवत नसेल तर तिथं कुत्र्याला चालवू नये. पावसाळ्यात हाच कातळ शेवाळानं निसरडा होतो.

कळसूबाईला वेगळी अडचण. तिथल्या लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात लागतात. कुत्रं काखेत घेऊन एका हातानं शिडी चढणारा माणूस स्वतःबरोबर खालून येणाऱ्यालाही धोक्यात घालतो. पिशवीत घातलेलं कुत्रं मधेच धडपडलं तर तोल जातो. त्यातून गर्दी असेल तर शिडीवर थांबायलाही जागा नसते.

आणखी काही बारीक गोष्टी आहेत, ज्या गावच्या माणसाला सांगाव्या लागत नाहीत. गवतातून गेलं की गोचीड लागतात, आणि गोचीड ताप छोट्या कुत्र्याला आठवड्यात लोळवतो. दगडाच्या फटीत फुरसं असतं आणि कुत्रं प्रत्येक फटीत नाक घालतं. गडावर माणसं प्रेमानं पिठलं-भाकरीचा तुकडा टाकतात, पण पिठल्यातला कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. उष्मा लागलाच तर सावलीत न्यावं, पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओतावं, वारा घालावा, बर्फ लावू नये, आणि लगेच खाली उतरावं. वर जनावरांचा डॉक्टर नाही.

गावाच्या वाट्याला काय?

या वाटांवर गावाचा संसार आता थोडा तरी चालतो. भात एकदाच येतो, बाकीचे महिने लोक ओतूर, नारायणगावकडं मजुरीला जातात. पाहुणे आल्यावर जेवणाचं घर, चहाची टपरी, तंबू, गाडी लावायची जागा, वाटाड्याचं काम यातून चार पैसे मिळतात. पोरं गावात राहतात. म्हणून गावातलं कुणीही पाहुण्याला कुत्रं का आणलं म्हणून सहसा टोकत नाही. गिऱ्हाईक तुटेल ही भीती असते. शेळी भेदरून पळाली, कोंबडी मेली, अंगणात घाण झाली तरी लोक गप्प बसतात. आणि उद्या बिबट्यानं पाहुण्याचं कुत्रं उचललं, तर व्हिडिओ फिरणार गावाच्या नावानं. मग येणारे पाहुणे कमी होतील ते होतील, वर पिंजरा लावा म्हणून आरडाओरड होईल ती वेगळीच.

म्हणून गप्प बसणं गावाच्याही फायद्याचं नाही.

बंदी की शिस्त?

सोपं उत्तर बंदी. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रं नेता येत नाही. ताडोबाच्या सफारीत तर प्रश्नच येत नाही. पण तिथं फाटक आहे, कुंपण आहे, पहारा आहे. अकोल्याच्या अभयारण्यात गावं आहेत, रस्ते आहेत, दहा ठिकाणांहून वाटा वर जातात. कागदावरची बंदी इथं फक्त चुकवली जाईल. जो सरळ माणूस नाक्यावर कुत्रं दाखवेल तो परत जाईल, जो लपवेल तो वर जाईल. शिवाय गावच्या कुत्र्यांचा प्रश्न तसाच राहील.

त्यापेक्षा प्रवेशाच्या पावतीला अट जोडणं सोपं. कायद्याच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना अटी आणि शुल्क लावून देण्याची तरतूद आहेच. नवा कायदा करायची गरज नाही. वन विभाग, ग्रामपंचायत आणि गावातल्या समितीनं बसून ठरवायचं ते एवढंच आहे.

एक, कुत्र्याच्या लसीचं कार्ड नाक्यावर दाखवल्याशिवाय वर सोडायचं नाही. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्वो दोन्हीची लस चालू असली पाहिजे. फोटो मोबाइलवर असला तरी चालेल.

दोन, पट्टा आखूड आणि सतत हातात. सूर्य मावळल्यावर आणि उजाडायच्या आधी कुत्र्याला वाटेवर मज्जाव. गडावर कुत्र्यासह मुक्काम नाही. शिड्यांच्या वाटेवर कुत्रं अजिबात नाही.

तीन, घाण पिशवीत घालून खाली आणायची. टाक्यांत आणि देवळाच्या पाण्यात कुत्रं उतरवायचं नाही. अभयारण्यात कचरा करू नये, प्राण्यांना त्रास देऊ नये, हे कायद्याच्या कलम २७ मध्ये आधीच आहे.

चार, प्रत्येक कुत्र्यामागं वेगळं शुल्क घ्यायचं आणि ते पैसे दुसरीकडं कुठंही न जाता त्याच गावातल्या कुत्र्यांच्या लसीवर आणि नसबंदीवर लावायचे. शहरातलं एक कुत्रं वर गेलं तर त्याच्या पैशात गावातल्या एका कुत्र्याला सुई टोचली जाईल. हा हिशोब पाहुण्यालाही पटेल आणि गावालाही.

यातून एक धंदाही उभा राहू शकतो. पायथ्याच्या घरी सावली, पाणी, कुंपण आणि एक जबाबदार माणूस असेल, तर दिवसभर कुत्रं सांभाळायचे पैसे घेता येतात. मालक निवांत गड चढेल, कुत्रं निवांत झोपेल, आणि घरातल्या बाईला आणखी एक मिळकत होईल. ज्यांना कुत्र्याबरोबरच चालायचं आहे त्यांच्यासाठी हद्दीबाहेरच्या, सोप्या, सावलीच्या छोट्या वाटा गावांनीच सुचवायला हरकत नाही. सकाळी उजाडल्यावर निघायचं, ऊन चढायच्या आत परत यायचं. छोट्या कुत्र्याला तेवढंच पुरतं. त्याला शिखर नको असतं, मालकाची सोबत हवी असते.

हे करायला फार निधी लागत नाही. नाक्यावरच्या माणसाला एक जादा प्रश्न विचारायचा आहे, पावती पुस्तकात एक रकाना वाढवायचा आहे, आणि वर्षातून दोनदा पशुवैद्यकीय पथक वाड्यांवर न्यायचं आहे. येत्या ग्रामसभेत बारी, पाचनई, रतनवाडी, साम्रदच्या लोकांनी हा विषय घेतला, तर वन विभागाला उत्तर द्यावं लागेल. काजव्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत हे झालं तर बरं. शेळीवाल्या बाईकडून कायदा जे मागतो, ते गाडीतून येणाऱ्या पाहुण्याकडूनही मागावं, इतकंच.